कास्टोलोला हात लावायचा नाही

ऑप्शन फाईल, म्हणजे फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये परवान्याअभावी घातलेली खोटी नावं खरी करणारी फाईल, बनवायला कुणी नवा माणूस आमच्यात आला की मी त्याला आधी हेच सांगते. मँचेस्टर असो, मर्सिसाइड असो, लंडन असो, कुणाचंही नाव बदल. पण कास्टोलो, मिनांडा, झिमेलेझ, स्ट्रेमर, इव्हारोव्ह ही मंडळी जशी आहेत तशीच राहतील.

'प्रो एव्होल्यूशन सॉकर', म्हणजे पीईएस हा गेम, ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्यात मास्टर लीग नावाचा प्रकार आहे. एक क्लब निवडायचा आणि पदरात पडलेले बेताचेच खेळाडू घेऊन सुरुवात करायची. सामने जिंकत गुण साठवायचे, त्यातून बरे खेळाडू घ्यायचे आणि या पहिल्या मंडळींना एकेक करून बाकावर बसवायचं. कास्टोलो पुढे खेळतो, इव्हारोव्ह गोल राखतो. ही माणसं जगात कुठेच नाहीत. ती कोनामी कंपनीने कल्पनेतून उभी केली.

'मग तीही खोटीच ना? त्यांना का सोडायचं?' असं कुणीतरी विचारतंच. खोटी कशी? कास्टोलो हा कास्टोलोच आहे, त्याने कुणाचं सोंग घेतलेलं नाही. सोंग होतं ते रॉबेर्तो लार्कोसचं. कोनामीच्या नव्वदच्या दशकातल्या गेममध्ये ब्राझीलच्या डाव्या बाजूने सुसाट पळणारा आणि लांबून पळत येऊन फ्री किक हाणणारा हा गडी कोण, हे फुटबॉलचा एखादाच सामना पाहिलेल्यालाही कळायचं. खरा खेळाडू रॉबेर्तो कार्लोस. कार्लोसमधली दोन अक्षरं इकडची तिकडे केली, की झाला लार्कोस. रूड व्हान निस्टेलरॉयचा असाच 'रूड फॉन मिस्टेलरूम' झाला होता. १९९५ च्या 'इंटरनॅशनल सुपरस्टार सॉकर डिलक्स'मध्ये ब्राझीलचा आलेहो होता. तो बेबेतो आहे असं लोक मानायचे, पण पुढे आलेहोलाच इतकं प्रेम मिळालं की बेबेतो विसरून जावा. आलेहोचं नाव बदलायचं की नाही यावर मात्र माझं मत अजून ठरत नाही.

मी यात शिरले ती धाकट्यामुळे. तो चेल्सीचा भक्त. पीईएस ५ मध्ये आर्सेनल आणि चेल्सी हे दोन इंग्लिश क्लब रीतसर परवान्याने आले होते, त्यामुळे तो खुशीत होता. पुढच्या वर्षी पीईएस ६ आला आणि चेल्सीच्या जागी 'लंडन एफसी' नावाचा कुणीतरी उगवला. आता परवाना आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडचा. लिव्हरपूल म्हणजे 'मर्सिसाइड रेड', ॲस्टन व्हिला म्हणजे 'वेस्ट मिडलँड्स व्हिलेज'.

"तायडे, काय करून ठेवलंय बघ यांनी," असं म्हणत त्याने मला स्क्रीनपुढे बसवलं.

गंमत अशी की त्या गेमच्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आद्रियानोच्या जोडीला जॉन टेरी होता. चेल्सीचा कर्णधार वेष्टनावर छाती काढून उभा आणि आत त्याच्या क्लबला नाव नाही! टेरीचं नाव मात्र आतही टेरीच. हे कोडं सुटेपर्यंत मला चैन पडलं नाही. मला तेव्हा ऑफसाइडही धड कळत नव्हतं, पण चुकीचं नाव दिसलं की हात शिवशिवतो. पोटापाण्यासाठी मी मुद्रितं तपासते, त्यामुळे ती खोडच झालीय.

कोडं सोपं निघालं. खेळाडूचं नाव आणि चेहरा हा एक व्यवहार. क्लबचं नाव, लोगो आणि जर्सी हा दुसरा. स्पर्धेचा तिसरा, देशाच्या संघाचा चौथा, स्टेडियमचा पाचवा. खेळाडूंच्या नावांचे हक्क बहुतेक वेळा फिफप्रोमार्फत मिळतात. ही देशोदेशीच्या खेळाडू संघटनांची जागतिक संघटना, १९६५ साली स्थापन झालेली. तिच्याशी करार झाला की शेकडो खेळाडूंची नावं एकगठ्ठा हाती येतात. क्लबांचं तसं नाही. तिथे लीगशी बोला, नाहीतर प्रत्येक क्लबाच्या दारात जा. त्यात प्रतिस्पर्धी कंपनीने आधीच कुणाशी फक्त आपल्यापुरता करार केला असेल तर दार बंदच. ईए या प्रतिस्पर्धी कंपनीच्या १९९३ च्या पहिल्या फिफा गेमकडे फिफाचं नाव होतं आणि खऱ्या खेळाडूंची नावं नव्हती, ते याच भानगडीमुळे.

पीईएस २ मधला नेदरलँड्सचा संघ मी पुढे कधीतरी पाहिला. त्यात नावं वाकडी करण्याचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. खेळाडूंची नावं 'ऑरेंजेस ००१', 'ऑरेंजेस ००२' अशी ओळीने. क्लायव्हर्ट, डेव्हिड्स, सीडॉर्फ यांच्या पिढीला कुणीतरी गोदामातल्या खोक्यांसारखे क्रमांक टाकले होते. लार्कोसमध्ये निदान डोळा मारलेला असतो. इथे तेही नाही.

आता कामाबद्दल. नाव बदलणं म्हणजे एक चौकट उघडून टंकणं, असं बाहेरून वाटतं. पीईएसमध्ये मात्र प्रत्येक खेळाडूला तीन नावं असतात. यादीत दिसणारं एक, जर्सीच्या पाठीवरचं दुसरं आणि समालोचक उच्चारतो ते तिसरं, ज्याला कॉल नेम म्हणतात. तिन्ही वेगवेगळी भरायची आणि तिन्हींची तऱ्हा वेगळी.

यादीतलं नाव त्यातल्या त्यात सरळ. पाठीवरचं नाव लिहायला माणूस माहीत असावा लागतो. मेम्फिस डिपायच्या पाठीवर 'मेम्फिस' असतं, कारण बाप लहानपणीच सोडून गेला आणि त्याचं आडनाव या पोराला मिरवायचं नाही. डेले अलीनेही २०१६ मध्ये आडनाव पाठीवरून काढलं आणि नुसतं 'डेले' ठेवलं, कारण त्या आडनावाशी आपलं नातं वाटत नाही असं त्याचं म्हणणं. हाविएर हर्नांडेझ यादीत हर्नांडेझ आणि पाठीवर 'चिचारितो'. ज्याला हे ठाऊक नाही तो यादीतलं आडनाव उचलून पाठीवर चिकटवतो, आणि फाईल उघडताच मला कळतं की हा गडी आकडे पाहून काम करतो, सामने पाहत नाही. मी फुटबॉल शिकले ते अशा पाठींवरून. कोण कुठून आला, कुणाची आई कोणत्या देशाची, कोणाला कोणत्या नावाने हाक मारलेली चालत नाही, हे आधी कळलं. ऑफसाइड बऱ्याच नंतर.

यान फेनेगूर ऑफ हेसेलिंक या डच स्ट्रायकरने तर आमची परीक्षाच पाहिली. सेल्टिककडून खेळताना त्याचं नाव खऱ्या जर्सीवरही एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत कमान करून जायचं. गेममध्ये जर्सीच्या नावाला मोजकीच अक्षरं मिळतात. कुणी 'हेसेलिंक' ठेवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्या माणसाची सगळी मजा मधल्या 'ऑफ'मध्ये आहे.

कॉल नेम हा वेगळाच खेळ. समालोचकाने जेवढी नावं ध्वनिमुद्रित केली तेवढीच यादीत असतात, आपण त्यातलंच निवडायचं. पीईएस ६ च्या इंग्रजी आवृत्तीत पीटर ब्रॅकली आणि ट्रेव्हर ब्रूकिंग बोलतात. ब्रॅकलींनी जे नाव कधी उच्चारलंच नाही तो खेळाडू चेंडू घेऊन धावत सुटतो आणि समालोचक भलतंच काही बोलत राहतो. मग आम्ही यादीत त्याच्या नावाच्या जवळ जाणारं नाव हुडकतो. कधी सापडतं, बरेचदा नाही.

लोगोचं काम मी करत नाही. ६४ बाय ६४ ठिपक्यांच्या चौकटीत, मोजक्या रंगांत, चेल्सीचा दंड धरलेला सिंह बसवणं ही वेगळी कला आहे. ती ज्यांना जमते त्यांच्यापुढे मी हात जोडते.

धाकट्याची आणि माझी वाजली ती आकड्यांवरून. प्रत्येक खेळाडूचा वेग, ताकद, फटक्याचा जोर, उडी, सगळं ९९ पर्यंतच्या आकड्यांत मांडलेलं असतं, आणि नाव बदलायला फाईल उघडली की तेही समोरच असतं.

"ताई, द्रोग्बाचे फक्त दोन आकडे वाढव."

"नाव दुरुस्त करणं वेगळं आणि माणूस फुगवणं वेगळं."

"अगं, कालच हॅटट्रिक मारलीय त्याने."

"मारली असेल. कोनामीला कळव."

तो दोन दिवस बोलला नाही. पण माझं म्हणणं मला अजूनही बरोबर वाटतं. लार्कोसकडे पुन्हा पाहा. त्याचं नाव वाकडं होतं, पण त्याचा डावा पाय, त्याची उंची, पुन्हा पुन्हा वर धावत जाण्याचा दम, सगळं जिथल्या तिथे होतं. कोनामीतल्या कुणीतरी बसून रॉबेर्तो कार्लोसला नीट पाहिलं होतं. इतकं नीट, की नाव झाकूनही चाल झाकली गेली नाही. अवघड काम त्या अनामिक माणसाने करून ठेवलंय. नाव लिहायची जागा त्याला कायद्यामुळे सोडावी लागली, आणि खाली एडिट मोड, म्हणजे नावं-जर्सी बदलायची सोय, ठेवून दिला. परवाना नसलेले क्लब आणि तेवढाच सढळ एडिट मोड एकाच गेममध्ये यावेत, हा योगायोग आहे असं मला कधीच वाटलं नाही. आम्ही फक्त ती सुटलेली जागा भरतो. त्यापुढे जाऊन त्याचे आकडे खोडले, तर ते काम राहत नाही, चाहत्याचा हट्ट होतो. पॅचच्या, म्हणजे चाहत्यांनी बदललेल्या फाईलींच्या, जगात असे हट्ट ढिगाने सापडतात. एखाद्या क्लबाचे अकराच्या अकरा खेळाडू नव्वदीपार दिसले की फाईल कुणाच्या भक्ताने केली ते विचारायची गरजच नसते.

या सगळ्याचा कळस मला २०१९ मध्ये पाहायला मिळाला. युव्हेंटसने कोनामीशी करार केला, त्यामुळे फिफा २० मध्ये युव्हेंटस नावाचा क्लबच उरला नाही. त्याच्या जागी 'पिएमोंते काल्चो'. आत क्रिस्तियानो रोनाल्डो आपल्या खऱ्या नावाने, खऱ्या चेहऱ्याने हजर, पण अंगात कुणीतरी घाईत शिवलेली जर्सी. पुढे रोमा 'रोमा एफसी' झाला, लाझिओ 'लॅटियम', अटालांटा 'बेर्गामो काल्चो'. ईए एफसी २५ मध्ये (फिफा मालिकेचंच हे नवं नाव) इंटर आणि एसी मिलान हेही 'लोम्बार्डिया' आणि 'मिलानो' होऊन बसले.

आणि त्याच मालिकेत ब्राझीलचे क्लब बरोब्बर उलटे. फिफा १५ मध्ये ते नव्हतेच. नंतर काही परत आले तेव्हा नाव खरं, लोगो खरा, जर्सी खरी आणि आतले खेळाडू यंत्राने जन्माला घातलेले. कारण तिथे खेळाडूंचे हक्क एकगठ्ठा मिळत नाहीत, ज्याच्या त्याच्याशी बोलावं लागतं. म्हणजे इटलीत देह खरा आणि कपडे उसने. ब्राझीलमध्ये कपडे खरे आणि आत कुणीच नाही. दुसऱ्या प्रकाराची फाईल बनवणं फार जड जातं. पिएमोंतेचं नाव आणि जर्सी बदलली की युव्हेंटस उभा राहतो. ब्राझीलमध्ये मात्र त्वचेच्या रंगापासून कोणता पाय वापरतो इथपर्यंत माणूस नव्याने घडवायचा. इथे आकडे लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं, म्हणून माझा नियम इथे लागू नाही. धाकटा याला पळवाट म्हणतो.

हे सगळं चोरीत मोडतं का? मी यावर विचार केलाय, कारण नावावर त्या माणसाचा हक्क असतो हे मला मान्य आहे. ऑलिव्हर कानने २००२ च्या विश्वचषकाच्या गेममध्ये आपल्याला विनापरवानगी घेतलं म्हणून ईएवर दावा लावला आणि २००३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयात तो जिंकला. त्यानंतर 'फुटबॉल मॅनेजर' या दुसऱ्याच एका गेममध्ये जर्मनीच्या या नामांकित कीपरच्या जागी 'येन्स मुस्टरमान' नावाचे गृहस्थ दिसू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये झ्लातान इब्राहिमोविचने जाहीरपणे विचारलं की माझं नाव आणि चेहरा वापरायची परवानगी ईएला दिली कुणी, आणि गॅरेथ बेलने त्याला साथ दिली. मॅराडोनाने २०१७ मध्ये कोनामीला कोर्टात खेचायची धमकी दिली आणि मग समझोता करून त्यांचाच दूत झाला, हा तर खास मॅराडोना प्रकार. या सगळ्यांच्याच बाजूने मी आहे. कुणाचं नाव विकून पैसे करायचे तर त्याला विचारायलाच हवं.

पण मी काही विकत नाही. घरी बसून एका रिकाम्या चौकटीत एका माणसाचं खरं नाव लिहिते. हा फरक मला पुरेसा वाटतो. वकिलांना वाटतोच असं नाही. मँचेस्टर युनायटेडने 'फुटबॉल मॅनेजर'च्या कंपनीवर दावा केला तेव्हा त्यांची एक तक्रार क्लबचं नाव वापरल्याबद्दल होती आणि दुसरी खरा लोगो न वापरता लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं साधं चिन्ह वापरल्याबद्दल! नाव घेतलं तरी गुन्हा आणि लोगो नाही घेतला तरी गुन्हा. त्यातच चाहत्यांच्या पॅचचाही विषय ओढला गेला, की ज्यातून खरे लोगो गेममध्ये येतात त्यांना कंपनी उत्तेजन देते. २०२१ मध्ये प्रकरण मिटलं आणि पुढच्या आवृत्तीपासून क्लबचं नाव 'मॅन यूएफसी' झालं. ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पीईएसची सगळी जुनी मंडळी आठवली. अर्थात 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये दुरुस्ती फार सोपी. जर्मनीचा संघ अनोळखी नावांनी भरलेला दिसला तर एका फोल्डरमधल्या मोजक्या फाईली खोडायच्या, आणि त्यातल्या एकीचं नाव सरळ 'फेक डॉट एलएनसी'. इतका प्रामाणिकपणा मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेला नाही.

एक्सबॉक्सवाल्यांचे हाल मात्र पाहवत नसत. प्लेस्टेशन ४ वर पेन ड्राइव्हमध्ये 'डब्ल्यूईपीईएस' नावाचं फोल्डर करून आयती फाईल चढवता यायची, जर्सी-लोगोंसकट. एक्सबॉक्स वन वर ती सोय नव्हती. त्यांना नावं कंट्रोलरने एकेक अक्षर निवडत भरावी लागत, आणि जर्सी शक्य तेवढी रंग जुळवून. तरीही लोक भरायचे.

२०२१ मध्ये कोनामीने पीईएस बंद करून 'ईफुटबॉल' आणला, फुकट खेळायचा. त्यात एडिट मोड नव्हता. सगळं सर्व्हरवरून येणार, तेव्हा फाईल उघडण्याचा प्रश्नच मिटला. म्हणून एडिट मोडवाली शेवटची आवृत्ती, सप्टेंबर २०२० ची पीईएस २०२१, लोक अजून उराशी धरून आहेत. आमच्यातले काही तर त्याहून हट्टी, ते पीईएस ६ सोडायलाच तयार नाहीत. २००६ चा गेम, पण ट्रान्सफरचा हंगाम आला की त्याच्या फाईलमध्ये आजचे संघ भरले जातात. मीही त्यातलीच.

अडचण जागेची आहे. खेळाडूंच्या ओळी मोजक्या. नवा माणूस आणायचा तर जुन्या कुणाच्या तरी ओळीवर लिहावं लागतं. निवृत्त झालेल्यांच्या ओळी आधी जातात, हा सर्वमान्य संकेत. पण कुणाची ओळ कुणाला द्यायची, यावर आठवडेच्या आठवडे जातात. सध्या घोडं लामिन यमालपाशी अडलंय. त्याचा जन्म जुलै २००७ चा, म्हणजे पीईएस ६ बाजारात आला तेव्हा हा मुलगा जगातच नव्हता. त्याला आता बार्सिलोनाच्या उजव्या बगलेवर बसवायचाय. डाव्या पायाचा, उजवीकडून आत घुसणारा. मी म्हटलं, आर्येन रॉबेनची ओळ घेऊ या. तोही डाव्या पायाचा विंगर, आता निवृत्त. निम्मं काम वाचेल.

"रॉबेन पीईएस ६ मध्ये चेल्सीत आहे, ताई."

"लंडन एफसीत."

हे त्याला झोंबलं. रॉबेनची ओळ जाणार नाही, असं त्याने निक्षून सांगितलं. त्याऐवजी आर्सेनलच्या ल्यूंगबर्गची घे म्हणतो. ल्यूंगबर्ग उजव्या पायाचा. म्हणजे मला पायापासून सगळं नव्याने लिहायला लागणार, आणि हे त्याला चांगलं ठाऊक आहे.